बंगल्याचा मागचा कोपरा

फोनवर ‘आई २’ ही अक्षरं उमटली तेव्हा माझ्या हातात कोणाची तरी खालची कवळी होती आणि समोर पॉलिशचं चाक गरगरत होतं. कवळी चाकाला निसटती लागली आणि टेबलाखाली उडाली. दातांच्या लॅबमध्ये बारा वर्षं झाली, पण कवळी हातातून सुटल्याचं मला आठवत नाही. मी वाकून शोधत होतो आणि फोन वाजतच होता. ‘आई १’ म्हणजे माझी आई. ती गेल्यावर वर्षभराने मी तो नंबर काढून टाकला. ‘आई २’ म्हणजे बायकोची आई. बायको तीन वर्षांपूर्वी कायद्याने बायको राहिली नाही, मग तिची आई आता माझी कोण, हा प्रश्न मी सवडीने सोडवायचा म्हणून बाजूला ठेवला होता आणि नंबर तसाच राहून गेला होता. कवळी कपाटाच्या पायाशी सापडली, शाबूत होती. मी फोन उचलला, ‘हॅलो’ म्हटलं, आणि पुढे कोणत्या नावाने हाक मारावी ते सुचेना. “जावईबापू, मी बोलतेय,” पलीकडून आवाज आला, जणू कालच बोलणं अर्धं राहिलं होतं. “तुम्ही कवळ्यांना चकाकी आणता ना, तशी एका वस्तूला आणायची आहे. जरा मोठी वस्तू आहे.” मी विचारलं, “केवढी?” त्या म्हणाल्या, “एकवीस फूट.”

एकवीस फुटांची ती वस्तू म्हणजे बंगला. कागदोपत्री ते मोटरहोम होतं, पण तो शब्द त्या घरात कोणी वापरलेला मी ऐकला नाही. सासरे बत्तीस वर्षं शहराच्या बसवर ड्रायव्हर होते. निवृत्त झाल्यावर हा माणूस स्टिअरिंगचं नावसुद्धा काढणार नाही असं सगळ्यांना वाटलं होतं; तर यांनी कोणाची तरी वापरलेली, फायबरच्या अंगाची, आत दोन बिछाने, एक शेगडी आणि हात धुवायचं भांडं असलेली गाडी दारात आणून उभी केली. ‘घर काही माझ्याच्याने बांधून झालं नाही, आता हा घ्या बंगला,’ असं म्हणाले होते म्हणे. तेव्हापासून बंगला धुतला, बंगल्यात डिझेल भरलं, बंगला पंक्चर झाला, अशीच भाषा. लग्न ठरलं तेव्हा बायको सहज म्हणाली होती, ‘सुट्टीत आम्ही बंगल्यावर असतो,’ आणि आपण कुठल्या बड्या घरात पडतोय या धास्तीने मी दोन दिवस जेवलो नव्हतो.

शनिवारी सकाळी गेलो. इमारतीच्या मागच्या अंगणात, नऊ वर्षांपूर्वी शेवटचा उभा केला तिथेच बंगला उभा होता. वरून झाडाची फांदी टेकली होती. एका अंगाला शेवाळ, आणि ज्या अंगाला ऊन लागायचं त्या अंगाचा रंग म्हणजे रंगच नव्हे, खडूची पूड. मी तळवा टेकवला आणि उचलला, तर हात पीठ मळल्यासारखा पांढरा. सासूबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. तीन वर्षांत थोड्या बारीक झाल्या होत्या, केस कापून आखूड केले होते, आणि तेव्हा ज्या जोरात चालायच्या त्याच जोरात चालत होत्या. मी सवयीने आधी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. त्यांची कवळी मीच केलेली, लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी. “खालची हलते का?” मी विचारलं. “तीन वर्षं हलतेय.” “मग दाखवायची ना कुणाला तरी.” “वा,” त्या म्हणाल्या, “असं कुणापुढेही तोंड उघडता येतं होय?” आणि झाडू आणायला निघून गेल्या. मी तिथेच पांढरा हात घेऊन उभा राहिलो. तीन वर्षं मला वाटत होतं की त्या घरातून माझं नाव पुसलं गेलं असेल. आणि इथे एक बाई माझ्यावाचून हलत्या दातांनी जेवत होती.

बेत असा होता. सासूबाईंनी बारा वर्षं शाळेची व्हॅन चालवली होती. तेव्हाच्या एका मैत्रिणीच्या दिराचा तलावाकाठी तंबूंचा आणि गाड्यांचा तळ होता. त्याला हंगामभर फाटकापाशी बसून येणाऱ्यांच्या नोंदी करणारं भरवशाचं माणूस हवं होतं. राहायला जागा मिळणार, पण गाडी स्वतःची आणायची, आणि त्याने बजावून सांगितलं होतं की भंगार दिसणारी गाडी फाटकापाशी नको, आधी फोटो पाठवा. “इंजिन मेकॅनिकने चालू करून दिलंय, टायर नवे घातलेत,” त्या म्हणाल्या. “अंगाचं काय ते तुम्ही बघा.” मी हळूच विचारलं, “तिला सांगितलंय?” बायकोचं नाव आमच्यात कोणीच घेत नव्हतं. “मी जाणार हे सांगितलंय. आठवडाभर धुमसतेय. माझ्यासाठी खोली तयार केलीय तिने, पडदेसुद्धा लावलेत. तुम्ही येताय हे नाही सांगितलं.” “का?” “एका वेळी एकच भांडण पुरे.”

फायबरच्या गाडीला लोक रंग समजतात तो रंग नसतो. वरचा एक पातळ, कडक थर असतो, त्या अंगाचीच कातडी म्हणा. ऊन वर्षानुवर्षं ती जाळत राहतं आणि जळलेल्याची पूड वरच बसते. आतली कातडी खाली शाबूत असते, तिथवर पोचायचं. पण थर जेमतेम नखाएवढा. जोर जास्त झाला की आतले धागे दिसायला लागतात, मग संपलंच. आधी साबणाने धुवायचं, रबराच्या पट्ट्यांना आणि काचांच्या कडांना कागदी पट्टी चिकटवायची, मग पाणी सोडत सोडत पॉलिशपेपर, आधी जरा खरखरीत, मग बारीक, मग त्याहून बारीक. नंतर लोकरीच्या गादीचं मशीन आणि लेप, आणि सगळ्यांत शेवटी मेण. कवळीलाही हेच करतो आम्ही. फरक एवढाच की कवळी हातात फिरवता येते, इथे मीच तिच्याभोवती फिरत होतो. ड्रायव्हरच्या दारामागे मी तळहाताएवढा चौकोन करून पाहिला. लेप पुसला आणि खालून रंग वर आला, पांढरा नव्हे, किंचित पिवळसर, तापवलेल्या दुधावरच्या सायीचा. सासूबाई बादली खाली ठेवून जवळ आल्या, चष्मा कपाळावर चढवून त्या चौकोनाकडे बघत राहिल्या. “हा रंग होता होय?” त्या म्हणाल्या. “मी पांढराच समजत होते. बघा, माणूस रोज बघतो आणि विसरतो.” त्यांनी त्यावर बोट फिरवलं आणि मग ते बोट नुसतंच बघितलं. त्याला काही लागलं नव्हतं.

मी पुढून सुरुवात केली. डावी बाजू, मग टपाची कड, मग उजवी. एका वेळी दोन हात रुंदीचा तुकडा, तोही ऊन तिथे पोचायच्या आत. सासूबाई पाणी मारायच्या, फडकी पिळायच्या आणि बोलायच्या. मागचा डावा कोपरा मी शेवटासाठी ठेवला होता. त्यांना म्हटलं, तिथे सावली उशिरा येते. ते खरंही होतं. त्या कोपऱ्याला कमरेच्या उंचीवर एक ठिगळ होतं, थाळीएवढं. सासऱ्यांनी स्वतः भरलेलं, वर घरातल्या दाराला देतात तो पांढरा रंग फासलेला. आता तो जुन्या वर्तमानपत्रासारखा पिवळा पडला होता. येता-जाता सासूबाईंची नजर त्यावर पडायचीच. पहिल्याच दिवशी, फडकं पिळता पिळता, सहज, राग नसलेल्या आवाजात म्हणाल्या, “आंधळ्यासारखी मागे घेतली हो गाडी. बत्तीस वर्षांत बसला एक ओरखडा नाही, आणि स्वतःच्या बंगल्याला हे.” मशीन चालूच होतं. मी मान हलवली, ऐकू आलं नाही असंही वाटावं आणि ऐकलं असंही वाटावं, अशी.

ती गाडी मी मागे घेतली होती. नऊ वर्षांपूर्वी, शेवटच्या सुट्टीत, एका तळाच्या फाटकापाशी. आमच्या लग्नाला तेव्हा दोन वर्षं झाली होती. सकाळी बायकोशी माझं भांडण झालं होतं. शेगडीचा गॅस मी भरून आणायला विसरलो होतो, आणि ती आई-वडिलांच्या देखत मला म्हणाली होती, ‘तुला एक काम धड जमत नाही.’ एवढंच वाक्य. ते दिवसभर माझ्या कानात खड्यासारखं बसून होतं. संध्याकाळी दोघी धुणं घेऊन टाकीकडे गेल्या तेव्हा सासरे किल्ली पुढे करून म्हणाले, ‘घ्या, बंगला लावा जरा आत.’ मला वाटतं त्यांनी ते वाक्य ऐकलं होतं आणि त्यावर औषध म्हणून किल्ली दिली होती. मी आरशात बघत होतो, खांब मला दिसत होता, आणि दिसत असतानाच तो आवाज झाला, करकरीत, वाळकी फांदी पायाखाली मोडावी तसा. दोघी परत आल्या तोवर ड्रायव्हरच्या जागेवर सासरे होते आणि मी खाली उतरून, काहीच न केलेल्या माणसाच्या चेहऱ्याने, खांबाशी उभा होतो. सासूबाईंनी हातातलं पिळलेलं धुणं गवतावर टाकलं. ‘दिसत नाही का तुम्हाला?’ त्या ओरडल्या. ‘नाही दिसला,’ सासरे म्हणाले. परत आल्यावर महिन्याभरात सासूबाईंनी किल्ली मागून घेतली. वय झालं, म्हणाल्या, कुणाच्या लेकराला धक्का लागायचा एखाद्या दिवशी. त्यांनी मुकाट्याने दिली. त्यानंतर ते दर रविवारी उभा बंगला धुवायचे. पुढे पुढे धुवायचेही बंद झाले. पाच वर्षांपूर्वी ते गेले.

मी खोटं बोललो नव्हतो, अशी मी स्वतःची समजूत घालत असे. मला कोणी विचारलंच नाही. पहिल्या दिवशी सासऱ्यांनी डोळ्यांनी गप्प बस म्हटलं म्हणून गप्प बसलो. महिन्याने वाटलं, आता सांगितलं तर महिनाभर का नाही सांगितलं असं विचारतील. मग ते गेले, आणि गेलेल्या माणसाचं खोटं उघडं पाडू नये असं एक छान कारण मिळालं. मग मी जावईच राहिलो नाही. प्रत्येक वेळी कारण आधीच्यापेक्षा बरं असायचं आणि वाक्य तेवढंच राहायचं, चार शब्दांचं. कवळीत कुठे एक दाणा उंच राहिला की माणूस त्या बाजूने चावायचंच सोडतो, महिन्या-दोन महिन्यांत ती सवयही होते, आणि विचारलं तर म्हणतो, छे, काही टोचत नाही.

तिसऱ्या रविवारी फक्त तो कोपरा उरला होता. बाकीचा बंगला असा झाला होता की शेजारच्या इमारतीतली माणसं गॅलरीत येऊन बघून जायची, आणि सासूबाई पुढच्या काचेशी उगाचच फडकं घेऊन उभ्या असायच्या. मी पॉलिशपेपर पाण्यात भिजत घातला, तेवढ्यात अंगणाच्या तोंडाशी बायको दिसली. बायको म्हणतो खरं, दुसरा शब्द अजून सापडलेला नाही. ती दवाखान्यात क्ष-किरणांच्या खोलीत काम करते. रविवारीसुद्धा तिच्या गळ्यात ओळखपत्राची दोरी तशीच राहिलेली होती. तिने मला पाहिलं, बंगल्याकडे पाहिलं, परत मला पाहिलं. “तू?” “हो.” “छान झालाय,” ती म्हणाली, मला नव्हे, बंगल्याला म्हणावं तशी, आणि मग आईकडे वळली. “म्हणजे तू जाणारच.” “जाणारच.” “सत्तरीला आलीस. एकटी. रात्री-अपरात्री काही झालं तर?” “फाटकापाशी फोन आहे.” “आई, तू व्हॅन चालवायचीस, ती केवढी आणि हे धूड केवढं! बाबांसारख्या माणसाला, बत्तीस वर्षं बस चालवलेल्या माणसाला, हे मागे घेता आलं नाही. हे बघ!” तिने ठिगळावर हात आपटला. “त्यांच्याकडून किल्ली कोणी काढून घेतली? तूच ना? तेव्हा तू काय म्हणालीस? मी तेच म्हणतेय.”

सासूबाईंचं स्वतःचंच वाक्य नऊ वर्षांनी फिरून त्यांच्यापुढे उभं होतं. त्यांच्या हातातलं फडकं हळूहळू पिळलं जात होतं, त्यात पाणी नसतानासुद्धा. मी ते हात बघितले. मला त्या क्षणी शौर्य वगैरे काही वाटलं नाही. उलट खांब आरशात दिसत असताना वाटलं होतं तेच वाटलं. “आई,” मी म्हणालो, “गाडी मी ठोकली होती. बाबांनी नाही.” दोघींनी एकदमच माझ्याकडे पाहिलं. “ते शेजारी बसले होते. तुम्ही परत यायच्या आत त्यांनी मला उतरवलं आणि ते माझ्या जागी सरकले.” सासूबाईंनी फडकं बंगल्याच्या पायरीवर ठेवलं, नीट घडी करून. “नऊ वर्षं,” त्या म्हणाल्या. “मी त्या माणसाला जाता-येता बोल लावला. तो आजारी होता तेव्हासुद्धा लावला.” मग त्या पायरी चढून आत गेल्या आणि दार लावून घेतलं. आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

आम्ही दोघं बाहेर राहिलो. नळातून पाणी थेंब थेंब गळत होतं. “मी बाबांना डोळे तपासायला नेलं होतं तेव्हा,” बायको म्हणाली. “डॉक्टर म्हणाले, डोळे एकदम ठणठणीत आहेत. मग मला वाटलं, डोळ्यांत नाही तर डोक्यात काहीतरी झालंय. आमच्याकडे आणून त्यांच्या डोक्याचा फोटो काढला मी. त्या मशीनच्या नळीत मुकाट्याने आडवे झाले. काही सापडलं नाही, तरी सहा महिने मला झोप नव्हती.” ती हसली, आणि ते हसू मध्येच मोडलं. “डोक्याचा फोटो काढून घेतला, पण तुझं नाव नाही सांगितलं. का पण?” मी म्हणालो, “त्या दिवशी सकाळी तू मला...” “आठवतंय मला मी काय म्हणाले ते,” ती म्हणाली. मी निघून जावं की नाही ते मला कळेना. “आता?” तिने विचारलं. “हा कोपरा राहिलाय.” तिने नळाची रबरी नळी उचलली. “कुठे मारू पाणी?” मी ठिगळाच्या वरच्या कडेवर बोट ठेवलं. वरचा पिवळा रंग साबणाच्या फेसासारखा सुटून खाली वाहायला लागला, आणि खालून सासऱ्यांचं भरणीचं काम दिसलं, खडबडीत पण गच्च, कडेला त्यांच्या अंगठ्याचा दाब तसाच उमटलेला. तो मी घासला नाही. त्याच्या भोवतीने गेलो.

पुढे सगळं झालं. फोटो गेले, तळाच्या मालकाने त्याच दिवशी हो म्हणून कळवलं, आणि महिनाअखेरीला सासूबाई स्वतः बंगला चालवत गेल्या; पोचवायला मुलगी शेजारी बसून गेली आणि बसने परत आली. त्या जायच्या आधल्या दिवशी मी त्यांची खालची कवळी घट्ट करून दिली. माझं आणि बायकोचं काही पुन्हा जुळलं नाही, तसं कोणाच्या मनातही नव्हतं, पण आता ती कधी मधी फोन करते आणि आईची खबर सांगते. हे सगळं खरं असलं तरी त्या दिवसांतलं मला राहून राहून आठवतं ते त्या रविवारचंच. आम्ही कोपरा घासत होतो. माझा डावा तळवा ओल्या फायबरवर टेकलेला होता आणि आतून कोणी चालतं तेव्हा ते तळव्याला कळत होतं. त्या आत इकडून तिकडे जात होत्या, थांबत होत्या, परत जात होत्या. मग डोक्यावरची छोटी खिडकी सरकली. त्यांचे डोळे लाल होते आणि चष्मा नव्हता.

“काय म्हणाले ते तेव्हा?” त्यांनी विचारलं. “तुम्हाला उतरवताना. अगदी शब्द सांगा, तुमच्या मनाचं घालू नका.”

नऊ वर्षांत ते वाक्य मी कोणालाच सांगितलं नव्हतं. शोधावं लागलं नाही, तोंडात तयारच होतं. “म्हणाले, ‘सरका. हिला माझ्यावर रागवायची सवय आहे, आणि मला ती लागते. तुमचं अजून नवीन आहे.’”

बायकोने नळी खाली धरली. पाणी तिच्या चपलांवरून वाहत गेलं. सासूबाई खिडकीच्या चौकटीला धरून जरा पुढे वाकल्या.

“ ‘तिला’ म्हणाले, की ‘हिला’?”

“हिला.”

“आणि मी तेव्हा कुठे होते?”

“टाकीपाशी. लांब. झाडांमुळे दिसतही नव्हतात.”

त्यांनी मान हलवली. दोनदा, सावकाश. “परत सांगा,” त्या म्हणाल्या. आणि मी परत सांगितलं, या खेपेला बाबा बोलायचे तसं, प्रत्येक वाक्याचं शेवटचं अक्षर थोडं लांबवून.